पुस्तक, सिनेमा, गाणं: एकातून दुसऱ्याकडे नेणाऱ्या वाटा सांगा

कऱ्हाकाठ

'काय वाचू, काय बघू, काय ऐकू' असे धागे दर पावसाळ्यात निघतात. शंभरेक नावं जमतात, आपण ती वहीत उतरवून घेतो आणि वही मिटून ठेवतो. नाव कितीही मोठं असलं तरी नुसत्या नावानं पाऊल उचलत नाही. पण पुस्तक संपत आलेलं असताना त्याच्याच कुळातला सिनेमा कुणी पुढे ठेवला, आणि सिनेमा संपल्यावर एखादं गाणं कानावर घातलं, तर माणूस महिना महिना त्यात राहतो.

म्हणून इथे सुटी नावं नकोत. पुस्तक, सिनेमा आणि संगीत असं त्रिकूट सांगा. त्यांचं आपसांतलं नातं सांगा, कुठून आत शिरायचं तेही सांगा. क्रम कुठलाही चालेल. शेवट मात्र फोडू नका.

माझं त्रिकूट वारीचं. सुरुवात दि. बा. मोकाशींच्या 'पालखी'पासून (१९६४). मोकाशी पुण्यात रेडिओदुरुस्ती करायचे आणि लिहायचे. माळकरी नसलेला हा माणूस आळंदीहून पंढरपूरपर्यंत पालखीबरोबर चालला. त्याला शंका आहेत, त्याचे पाय दुखतात, जे खटकतं ते तो लिहितो. पण बरोबर चालणाऱ्यांपेक्षा आपण शहाणे, असा सूर एकदाही लागत नाही.

मग 'आनंदओवरी' (१९७४). तुकोबा नाहीसे झालेत, धाकटा भाऊ कान्होबा त्यांना शोधतोय आणि शोधता शोधता सगळं घर आठवतोय. तुकोबांवर इतकं लिहिलं गेलंय, पण संतपण घरात आल्यावर घरच्यांचं काय होतं, हे इतक्या जवळून दुसरीकडे वाचलेलं नाही. अतुल पेठे यांनी या कादंबरीचा एकपात्री प्रयोग बसवला होता आणि तो किशोर कदम करायचे.

तेच किशोर कदम 'दिठी'त रामजी लोहार होऊन भेटतात. मोकाशींच्याच 'आता आमोद सुनासि आले' या कथेवरून सुमित्रा भावे यांनी हा सिनेमा केला. शीर्षक 'अमृतानुभवा'तल्या ओवीवरून घेतलेलं. रामजीचा तरुण मुलगा पुराच्या पाण्यात गेलाय. बाहेर पाऊस कोसळतोय, गावात पोथी चालू आहे, आणि एका गोठ्यात गाय अडलेली आहे. एवढ्यावरच सिनेमा उभा आहे. सुमित्राताई एप्रिल २०२१ मध्ये गेल्या आणि त्यानंतर हा सिनेमा ओटीटीवरून लोकांपर्यंत पोचला.

सिनेमा संपल्यावर लगेच दुसरं काही लावू नका. रात्री किशोरी आमोणकरांनी गायलेला 'अवघा रंग एक झाला' ऐका. अभंग सोयराबाईंचा, चोखोबांच्या पत्नीचा. ज्या घराला देवळाच्या पायरीवरही जागा नव्हती, त्या घरातली बाई 'रंग एक झाला' म्हणते. रामजीचं दुःख बघून झाल्यावर ती ओळ वेगळीच लागते.

आता तुमचं येऊ द्या.

आवलीची_सून

फार छान धागा. 'आनंदओवरी' वाचणाऱ्यांनी त्याला लागूनच प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) बघा. दामले आणि फत्तेलाल यांचा. व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला ही माहिती सगळ्यांना असते, म्हणूनच लोक त्याला हार घालून बाजूला ठेवतात. तो आजही जिवंत आहे तो आवलीमुळे. गौरी नावाच्या अभिनेत्रीनं ती केलीय. घरात दाणा नाही, नवरा देवाच्या नादी, आणि ही बाई विठ्ठलाला तोंडावर बोलते. पागनीसांचे तुकोबा हात जोडून बघावेत असे आहेत, पण मला हात धरून घरात नेते ती आवली.

त्यातलं 'आधी बीज एकले' बऱ्याच जणांना तुकोबांचाच अभंग वाटतो. ते शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं आहे, चाल केशवराव भोळ्यांची.

सांजधून

कऱ्हाकाठ, तुमच्या वाटेवरूनच पुढे जाते. सुमित्रा भावे यांचा आवाज आणखी एका सिनेमात आहे आणि तो ऐकल्यावर विसरता येत नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' (२०२०). मुंबईत शास्त्रीय गाणं शिकणारा शरद नेरुळकर रात्री रिकाम्या रस्त्यांवरून मोटारसायकल चालवतो आणि कानात माईंची, म्हणजे त्याच्या गुरुजींच्या गुरूंची, व्याख्यानं असतात. माई कधीच दिसत नाहीत. संथ, ठाम, कुणाचीही गय न करणारा तो आवाज सुमित्राताईंचा. शरदच्या गुरुजींचं काम डॉ. अरुण द्रविड यांनी केलंय. ते नट नव्हेत. मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरीताई, दोघींकडे शिकलेले गायक आहेत. शरदचं काम करणारे आदित्य मोडकही गायक. म्हणून या सिनेमात तानपुरा जुळवताना, दाद घेताना, चुकताना कुठेच नाटक नाही.

पुस्तक वामनराव देशपांड्यांचं 'घरंदाज गायकी' (१९६१). वामनराव व्यवसायानं चार्टर्ड अकाउंटंट. ग्वाल्हेर, आग्रा, किराणा, जयपूर या घराण्यांकडे ते एकच मोजपट्टी लावून बघतात: स्वराकडे किती झुकलंय आणि लयीकडे किती. ही मांडणी सगळ्यांना पटत नाही. माझ्या गुरूंना तर मुळीच पटत नाही. तरी नवख्या माणसाला ऐकायचं कसं, याचं बोट धरायला दुसरं इतकं सोपं पुस्तक मला माहीत नाही. शब्द अडले तर अडू द्या. जयपूरवरचं प्रकरण आधी वाचा.

आणि मग मल्लिकार्जुन मन्सूर. धारवाडचा हा माणूस जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांच्या मंजीखाँ आणि भुर्जीखाँ या दोन मुलांकडे शिकला. शिवमत भैरव, खट, बिहारी असे राग ते गाताना 'बघा, किती अवघड आहे' असं कधीही सांगत नाहीत. आलाप लांबवून वाट बघायला लावत नाहीत, थेट बंदिशीत शिरतात आणि श्वास संपेपर्यंत तान सोडत नाहीत. सिनेमातल्या शरदला आयुष्यभर जे हवं आहे ते नेमकं काय, हे मन्सूरअण्णांचं अर्ध्या तासाचं गाणं ऐकल्यावर कळतं. म्हणून माझा क्रम असा: आधी सिनेमा, मग पुस्तक, मग मन्सूर, आणि मग पुन्हा सिनेमा.

तानपुरा_लागला

सांजधून, 'घरंदाज गायकी' आणि मन्सूर यांना मनापासून अनुमोदन. सिनेमाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. मी वीस-बावीस वर्षं शिकतेय. त्या सिनेमात गाण्याचा आनंदच नाही. गुरू आजारी, शिष्य कुढणारा, बैठकीला पंधरा टाळकी. संगीत न शिकलेला माणूस तो बघून म्हणेल की या वाटेला न गेलेलंच बरं. आमच्या वर्गात एखादी जागा साधली की सगळे हसतात, गुरुजींसकट. ते हसू त्या सिनेमात कुठे आहे?

सांजधून

तुमचा मुद्दा खरा आहे. पण तो सिनेमा गाण्यावर नाही असं मला वाटतं. ज्याला उत्तम काय ते पुरेपूर कळतं आणि स्वतःच्या गळ्यातून ते येत नाही, त्या माणसावर तो आहे. कान तयार होतो, गळा मागे राहतो. दुर्मीळ ध्वनिमुद्रणं जमवणारा एक जाणकार शरदला माईंबद्दल काही कडवट गोष्टी ऐकवतो, तो प्रसंग पुन्हा बघा. शरदनं तिथे जे केलं ते चूक की बरोबर, यावर आमच्याकडे दोन रात्री वाद झाला. दैवत मानलेल्या माणसाबद्दल आपल्याला किती ऐकून घ्यायचं असतं, हा प्रश्न गाण्याबाहेरचाही आहे.

आनंद हवा असेल तर अमोल पालेकर आणि संध्या गोखले यांचा किशोरीताईंवरचा 'भिन्न षड्ज' हा माहितीपट बघा. ताई रागाबद्दल बोलताना त्यांचे डोळे बघा. तुम्ही म्हणता ते तिथे आहे.

तानपुरा_लागला

'भिन्न षड्ज' बघितलाय, आणि हो, तिथे आहे. त्याला जोडून जब्बार पटेलांचा कुमार गंधर्वांवरचा 'हंस अकेला'ही सांगते. क्षयानं ज्या माणसाला काही वर्षं गाणं बंद ठेवावं लागलं, तो देवासला अंथरुणावर पडून माळव्यातल्या बायांची गाणी ऐकत राहिला आणि उठल्यावर नवंच गाणं घेऊन आला. 'द डिसायपल'नंतर कुणाचा जीव जड झाला तर हा बघावा.

माडाबनातलो

नमस्कार, मी गोव्याहून. मोगूबाईंचं नाव निघालं म्हणून थांबवेना. त्यांचं कुर्डी गाव साळावली धरणाखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की गाव वर येतं, आणि गावकरी मे महिन्यात सोमेश्वराच्या देवळापाशी जमून उत्सव करतात. सौम्यानंद साही यांचा 'रिमेंबरिंग कुर्डी' हा माहितीपट याच गावावर आहे. मोगूबाईंची जुनी तबकडी ऐकताना मला ते कोरडं पडलेलं तळ दिसतं.

पण माझं त्रिकूट वेगळं. आमचं दुसरं संगीत, जे मराठी मंडळींना फारसं माहीत नसतं.

आधी गाणी. लोर्ना कोर्देरो ऐका. 'बेबदो', 'पिसो', 'नाचोंया कुंपासार'. संगीत क्रिस पेरींचं. शब्द न कळताही कळेल, आवाजच तसा आहे. कोंकणी मांडो, म्हणजे आमची जुनी पारंपरिक गाणी, आणि अमेरिकन जॅझ एकाच बाईच्या गळ्यातून येतात आणि कुठेही जोड दिसत नाही. ऐन भरात असताना ही बाई गायची थांबली आणि कितीतरी वर्षांनी परतली.

मग बार्ड्रॉय बार्रेतो यांचा सिनेमा, 'नाचोंया कुंपासार'. गोष्ट साठ-सत्तरच्या दशकांतल्या एका गायिकेची आणि तिच्या संगीतकाराची. क्रिस पेरींचीच वीसेक गाणी त्यात नव्यानं गुंफलेली आहेत. सबटायटल्स आहेत, पण कोंकणी कानावर पडू द्या. मराठी माणसाला अर्ध्याहून जास्त समजते.

पुस्तक इंग्रजी आहे, नरेश फर्नांडिस यांचं 'ताज महाल फॉक्सट्रॉट'. १९३५ साली लिऑन ॲबी आपला आफ्रिकन-अमेरिकन वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला, तिथपासूनची मुंबईच्या जॅझची कथा. आमचे गोंयकार वादक हे जॅझ शिकले, रात्री हॉटेलात वाजवू लागले आणि दिवसा हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे त्यांतलेच. 'अलबेला' (१९५१) पुन्हा लावा. भगवानदादा नाचताना मागे जो बँड दिसतो तो त्यांचा, आणि संगीत तुमच्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं. 'अमर अकबर अँथनी'मधलं अँथनी गोन्साल्विस हे नावही खऱ्या माणसाचं आहे. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक, प्यारेलालजींचे गुरू. शिष्यानं गुरूचं नाव त्या गाण्यात ठेवलं.

हे पुस्तक वाचल्यानंतर जुनी हिंदी गाणी ऐकताना लक्ष गायकावरून उठतं आणि मागच्या ट्रम्पेटवर जातं. मग ते परत येत नाही.

कऱ्हाकाठ

माडाबनातलो, धन्यवाद. 'अलबेला' मी लहानपणापासून बघत आलोय, पण बँडकडे आजवर असं बघितलं नव्हतं. कोंकणीतलं आणखी एक सुचवा ना, गावाकडचं.

माडाबनातलो

महाबळेश्वर सैल. त्यांच्या 'अदृष्ट' कादंबरीवरून लक्ष्मीकांत शेटगावकरांनी 'पल्तडचो मनीस' (२००९) केला. गोवा-कर्नाटक सीमेवरच्या डोंगरात राहणारा वनरक्षक एका भ्रमिष्ट बाईला आसरा देतो, आणि गाव मध्ये येतं. टोरांटोच्या महोत्सवात त्याला समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. सैलबाब मराठीतही लिहितात, त्यांची 'तांडव' ही मोठी कादंबरी मराठीत आहे. पोर्तुगीज काळातल्या धर्मांतरांवर इतक्या सगळ्या बाजूंनी कुणी क्वचितच लिहिलं असेल. देव बरें करूं.

वैनगंगा

ताम्हाणेंचा विषय निघालाच आहे तर त्यांचा आधीचा 'कोर्ट' (२०१४) राहून कसा जाईल! नागपूरकर म्हणून मला त्याचा जास्तच जिव्हाळा. नारायण कांबळे या लोकशाहिराचं काम ज्यांनी केलं ते वीरा साथीदार आमच्याच शहरातले, 'विद्रोही' मासिकाचे संपादक, आयुष्यभर चळवळीत राहिलेले. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनानं त्यांना नेलं. सिनेमातली गाणी संभाजी भगत यांची. शाहिरावर आरोप काय, तर त्याचं गाणं ऐकून मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या कामगारानं जीव दिला. पुढे तारखांवर तारखा. कॅमेरा जागचा हलत नाही, आणि न्यायाधीशापासून सरकारी वकिलीणबाईपर्यंत सगळे घरी जाऊन जेवतात, नाटक बघतात, सहलीला जातात. कुणीच दुष्ट नाही. त्यानंच जास्त लागतं.

ज्यांना 'कोर्ट' आवडला त्यांनी आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) बघावा. तीन तासांहून मोठा आहे, दोन बैठकींत बघा. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. ते बघून विलास घोगरे या शाहिरानं स्वतःला संपवलं. पटवर्धन त्यांना आधीपासून ओळखत होते, 'हमारा शहर'मध्ये घोगरे गायलेही होते. त्यानंतर चौदा वर्षं ते हा सिनेमा करत राहिले. वस्त्यावस्त्यांतली गाणी, जलसे, कव्वाल्या, कबीर कला मंचाची पोरं, सगळं त्यात आहे. एखाद्या समाजानं आपला इतिहास गाण्यात कसा जपून ठेवला, ते डोळ्यांनी दिसतं.

पुस्तक सांगताना लोक 'बलुतं' सांगतात, आणि ते वाचलंच पाहिजे. पण मी ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' सांगीन. आंबेडकरी चळवळीत उतरलेल्या बायांना शोधत, त्यांच्या घरी जाऊन या दोघींनी त्यांना बोलतं केलं. परिषदा, सत्याग्रह, वसतिगृहं, आणि घरी परतल्यावर पुन्हा चूल. सुरुवातीचा इतिहासाचा भाग जड वाटला तर थेट मुलाखतींवर जा. कुठलंही पान उघडा, एक बाई बोलायला लागते.

आणि ऐकायला वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत गिरणगावात आल्यावर. पुढे हजारो गाणी लिहिली, गावोगाव स्वतः फिरून गायली. १४ एप्रिलला आमच्याकडे जे भोंग्यावर वाजतं त्यातलं कितीतरी त्यांचं असतं, पण म्हणणाऱ्याला ते ठाऊक नसतं. आजचं ऐकायचं असेल तर औरंगाबादच्या कडुबाई खरात. हातात एकतारी, अंगणात बसून गातात. बाबासाहेबांनी घर कसं भरलं ते ही बाई सांगते तेव्हा माझ्या आईचे डोळे भरून येतात, दरवेळी.

टिपणवही

वैनगंगा, हा प्रतिसाद छापून ठेवावा असा आहे. एक विचारायचं होतं. ही पुस्तकं मिळतात कुठे? दुकानात विचारलं की 'आवृत्ती संपली' हेच उत्तर येतं.

आवलीची_सून

तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात आधी बघा. जुन्या वाचनालयांच्या कपाटांत या सगळ्या पहिल्या आवृत्त्या असतात, आणि कित्येक वर्षांत कुणी हात लावलेला नसतो. हक्क संपलेली पुस्तकं असतील तर मराठी विकिस्रोत आणि राज्य मराठी विकास संस्थेचं संकेतस्थळ. 'संत तुकाराम' यूट्यूबवर आहे.

दूरदेशी

टोरांटोहून लिहितोय. इथल्या माझ्या शेजाऱ्यांमुळे एक वाट सापडली, ती इराणची.

अब्बास कियारोस्तामींचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?' (१९८७). आठेक वर्षांचा अहमद घरी येऊन दप्तर उघडतो तर त्यात शेजारी बसणाऱ्या मुलाची वही. उद्या गृहपाठ वहीत नसला तर त्याला शाळेतून काढणार, असं मास्तरांनी बजावलंय. मित्र पलीकडच्या गावात राहतो, घर माहीत नाही. अहमद धावत सुटतो. एवढीच गोष्ट. पण आई ऐकत नाही, आजोबा ऐकत नाहीत, वाटेतला एकही मोठा माणूस ऐकत नाही, आणि त्या टेकडीवरची नागमोडी पायवाट तो पुन्हा पुन्हा चढतो. आपल्याकडच्या झेडपीच्या शाळेत शिकलेल्या कुणालाही त्या मुलाचा चेहरा ओळखीचा वाटेल.

सिनेमाचं नाव सोहराब सेपेहरी या कवीच्या कवितेतून आलंय. सेपेहरी चित्रकारही होते. कवितेत एक घोडेस्वार पहाटे मित्राचं घर विचारतो आणि त्याला पत्ता सांगितला जातो, पण झाडांच्या, फुलांच्या आणि एकांताच्या खुणांनी. इंग्रजीत अनुवाद मिळतात. सिनेमाच्या आधी कविता वाचा, नंतर पुन्हा वाचा.

पुढे १९९० च्या भूकंपात हा सगळा भाग उद्ध्वस्त झाला. त्या मुलांचं काय झालं हे शोधत निघालेल्या दिग्दर्शकाची गोष्ट कियारोस्तामींनी 'लाइफ, अँड नथिंग मोअर'मध्ये (१९९२) केली. आधीचा सिनेमा बघितलेला असेल तर पहिल्या दहा मिनिटांतच छातीत धडधडायला लागतं.

संगीत: केहान काल्होर यांचं कमांचे (गजानं वाजवायचं इराणी तंतुवाद्य) आणि शुजात हुसेन खाँ यांची सतार. दोघांनी 'ग़ज़ल' नावाखाली एकत्र वाजवलंय. त्यातलं 'द रेन' ऐका, २००१ साली स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या मैफलीचं ध्वनिमुद्रण आहे. तबल्यावर संदीप दास. आपल्या कानाला ओळखीचा राग आणि अनोळखी वाद्य एकमेकांना विचारत विचारत पुढे जातात. सांजधून, तुम्हाला कसं वाटलं ते नक्की कळवा.

सांजधून

आजच ऐकलं. कमांचेचा गज सारंगीपेक्षा विरळ लागतो, आवाजात हवा जास्त आहे. शुजातखाँ मध्येच गुणगुणतात तिथे मी काम थांबवलं. कविता शोधतेय.

मायलेकी

मला मदत हवी आहे. लेक तेराची. इंग्रजी शाळा, मराठी बोलते छान, पण पुस्तक दिलं की दोन पानांत ठेवून देते. वर सांगितलेलं सगळं तिला जड जाईल. तिच्यासाठी असं एखादं त्रिकूट आहे का?

नगरी_बाणा

आहे. 'स्मृतिचित्रे'. थांबा, नाव ऐकून पळू नका! लक्ष्मीबाई टिळकांनी हे लिहिलं १९३० च्या दशकात, पण भाषा अगदी तोंडची आहे. स्वतः वाचायला देऊ नका, रात्री तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा. सोवळ्यापायी मिठाचे खडेसुद्धा धुणारे वडील, मनात येईल तेव्हा घर सोडून निघणारा कवी नवरा (ना. वा. टिळक), आणि त्या सगळ्यात हसत टिकून राहिलेली ही बाई. माझ्या पुतणीला हे बारा वर्षांची असताना वाचून दाखवलं. पुढचं ऐकायला ती स्वतः पुस्तक घेऊन यायची. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती होतात तिथून पुस्तक गंभीर होतं, आणि तोवर मूल लक्ष्मीबाईंच्या इतकं प्रेमात पडलेलं असतं की सोडत नाही. विकिस्रोतावरही शोधा.

सिनेमा म्हणून विजया मेहतांनी दूरदर्शनसाठी 'स्मृतिचित्रे' केलं होतं, सुहास जोशी त्यात लक्ष्मीबाई होत्या.

आणि संगीत बहुतेक मराठी घरांत कधीच पोचलेलं नाही. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताची भजनं अभंगांच्या वळणावर लिहिली. आमच्या नगरच्या चर्चमध्ये ती आजही म्हणतात, पेटी, तबला आणि टाळ घेऊन. डोळे मिटून ऐकलं तर भजनी मंडळ बसलंय असं वाटतं. टिळक १९१९ मध्ये गेले, त्यांचं 'ख्रिस्तायन' अर्धं राहिलं होतं, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. रीतसर शाळेत न गेलेल्या बाईनं! लेकीला हे नक्की सांगा. आणि नगरला आलात तर तिला रविवारी सकाळी चर्चमध्ये घेऊन जा. दारात कुणी अडवत नाही.

टिपणवही

मायलेकी, सिनेमा वेगळा हवा असेल तर अविनाश अरुण यांचा 'किल्ला'. वडील गेलेले, आईची बदली कोकणात, नवी शाळा, नवे मित्र. तेराव्या वर्षाचं एकटेपण त्यात नेमकं आलंय, आणि पाऊस तर असा की खिडकी उघडून बसावंसं वाटतं. बर्लिनच्या महोत्सवात त्याला जो क्रिस्टल बेअर मिळाला तो मुलांच्या परीक्षकमंडळानं दिला होता, हेही तिला आवडेल.

मायलेकी

दोन्हींचे आभार. आजपासून 'स्मृतिचित्रे' मोठ्यानं. 'किल्ला' शनिवारी.

जातं_बोलतं

उशिरा आलोय. एकच सांगतो, कारण त्यात माझा जीव गुंतलाय. जात्यावरच्या ओव्या.

हेमा राईरकर आणि गी पॉइटविन हे दोघं ऐंशीच्या दशकापासून मावळात, मुळशीत आणि पुढे महाराष्ट्रभर गावागावांत जाऊन बायांकडून ओव्या टिपून घेत होते. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. नंतर बर्नार्ड बेल यांच्या मदतीनं कितीतरी ध्वनिमुद्रितही झाल्या. आता 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्यानं येताहेत, शब्द, आवाज आणि गाणारीचा फोटो यांसह. भाऊ, माहेर, राम-सीता हे तर आहेच. पण दारू पिणारा नवरा, दुष्काळ, बाबासाहेब, मुलीच्या जन्माला नाक मुरडणारे लोक, यांवरही ओव्या आहेत. चक्की आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि ज्यांना ओव्या पाठ होत्या त्या बाया एकेक करून जाताहेत.

पुस्तक व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी' (१९५५), सिनेमा अमोल पालेकरांचा त्याच नावाचा (१९९५). बहुतेकांनी शाळेत असताना वाचलं असेल. तिशी उलटल्यावर पुन्हा वाचा. तालीम बांधायला निघालेला तरुण मास्तर, कारभारी, आणि शेवटी सगळ्यांवर उतरणारा दुष्काळ. आधी ओव्या ऐकून मग हे वाचलं की वाडीतल्या बायांचा आवाज पानांच्या मागून ऐकू यायला लागतो. माडगूळकरांनी तो लिहिला नाही, पण तो तिथे होताच.

वैनगंगा

जातं_बोलतं, बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत हे मला माहीत होतं, पण आवाजासकट ऐकायला मिळतील असं वाटलं नव्हतं. शोधायच्या कशा?

जातं_बोलतं

तिथे विषयवार लेख आहेत, बाबासाहेबांवरच्या ओव्यांचे वेगळे. प्रत्येक नोंदीखाली गाणारीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांपासून सुरू करा. आणि तुमच्या आईला कडुबाई आवडतात ना, त्यांना शेजारी बसवून ऐका. आमच्याकडे आजीला ऐकवलं तर तिसऱ्या ओवीला तिनं मोबाइलच बाजूला सारला आणि स्वतःच म्हणायला लागली. त्या मी टिपून घेतोय, अजून संपलेल्या नाहीत. तुमच्या आईला येत असतील तर तुम्हीही घ्या, आणि इथेच लिहा.